अशनीचे खनिज की आपणच आणलेले? या चुका टाळा

जुलैत नवी मुंबईत मिठाला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक असते. पण तीच दमट हवा कार्बनी कॉन्ड्राइट (कार्बनयुक्त, आदिम दगडी) अशनीलाही बाधते, हे नवा अभ्यासक हमखास विसरतो. नेरूळला काम करताना मी असा एक पॉलिश केलेला तुकडा शुक्रवारी कपाटात उघडाच ठेवला. सोमवारी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भेगेच्या कडेने सुईसारखे स्फटिक दिसले आणि मूलद्रव्ये ओळखणाऱ्या क्ष-किरण वर्णपटात मॅग्नेशियम, गंधक व ऑक्सिजन यांची, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची, शिखरे उमटली. लघुग्रहावरच्या पाण्याचा पुरावा म्हणून मी ते नोंदवणारच होतो. पण शुक्रवारच्या प्रतिमेत तीच भेग रिकामी होती. फ्रान्समध्ये १८६४ साली पडलेल्या ऑर्गेय अशनीतील सल्फेटच्या पांढऱ्या शिरांबद्दलही हेच घडले: त्याही लघुग्रहावरच्या पाण्याचा पुरावा मानल्या जात, आणि पृथ्वीवरच्या ओलाव्याने त्या तयार झाल्या असे २००१ मध्ये मांडले गेले. म्हणून तुकडा कापल्याबरोबर डेसिकेटरमध्ये (हवाबंद, कोरड्या भांड्यात) ठेवावा, त्यातले ओलावा शोषणारे सिलिका जेल वेळेवर बदलावे, पहिल्याच दिवशी संपूर्ण पृष्ठभागाची प्रतिमा घ्यावी आणि पॉलिश करताना पाण्याऐवजी अल्कोहोल वापरावे, कारण पाण्यात मूळची सल्फेटेही विरघळून जातात.

सिलिकॉन कार्बाइडचा पॉलिश पेपर तर त्याहून फसवा आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत सूर्याहून जुने सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडले आहेत, आणि पेपरचा सुटलेला कण वर्णपटात अगदी तसाच दिसतो. समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) मोजमाप झाल्याखेरीज अशा कणाला ताऱ्याची धूळ म्हणू नये.

सर्वांत खोल रुजलेली चूक म्हणजे मिश्रणाला खनिज समजणे. सीएम गटातील (मर्चिसनसारख्या कार्बनी कॉन्ड्राइट) अशनींत टोचिलिनाइट हे लोह-गंधकाचे आणि क्रॉन्स्टेडटाइट हे लोह-सिलिकॉनचे खनिज इतके बारीक गुंफलेले असतात की सूक्ष्मदर्शकाचा १५ किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन झोत दोन्हींत एकदमच शिरतो. मग लोह, गंधक आणि सिलिकॉन एकाच वर्णपटात येतात व त्यांच्या प्रमाणावरून निसर्गात नसलेले सूत्र तयार होते. व्होल्टेज ५ किलोव्होल्टवर आणले तर झोत कमी खोल जातो, मात्र लोहाची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा उमटतच नाही. अशा जागी आयन झोताने पातळ काप काढून पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विवर्तन (स्फटिकाची रचना दाखवणारी नक्षी) पाहावे, हाच माझा आग्रह आहे.

सेंद्रिय कार्बन शोधायचा असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्यावर विद्युतभार साचू नये म्हणून देतात तो कार्बनचा थर मुळीच देऊ नये.