लातूरहून बर्लिनला: नव्या शहरात पत्ता कसा शोधावा

दर ऑगस्टमध्ये मी लातूरला घरी येतो, तेव्हा जर्मनीला निघालेली चार-सहा पोरं भेटायला येतात. कुणी उदगीरचं, कुणी अहमदपूरचं. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं बँक खातं), बॅगांचं वजन, सगळं झालेलं असतं. "तिथं गेल्यावर फिरणार कसं?" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "दादा, फोनमध्ये नकाशा असतो की." हा सल्ला त्यांना कुणीतरी सीनियरने दिलेला असतो आणि तो अर्धवट आहे. त्याच भरवशावर राहून माझी एक चांगली खोली हातची गेली. मला बर्लिन माहीत आहे, म्हणून बर्लिनचंच सांगतो.

भाड्यासाठी बर्लिनचे ए, बी, सी असे झोन पाडलेले आहेत. विमानतळावरून निघताना तिन्हींचं 'एबीसी' तिकीट काढा. विमानतळ सी झोनमध्ये येतो, तिथून 'एबी' तिकीट चालत नाही. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या. आपल्या एसटीत कंडक्टर येतो आणि तिकीट देतो. तिथं कंडक्टर नाही आणि स्टेशनवर फाटकही नाही, त्यामुळे कुणी बघतच नाही असं वाटतं. तपासणारे साध्या कपड्यांत शेजारीच बसलेले असतात. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे बिनतिकीट, दंड ६० युरो. "मी नवीन आहे" हे कारण मी अनेकांना सांगताना पाहिलंय, ऐकून घेताना कुणाला पाहिलेलं नाही. आणि सेमेस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा सत्रभराचा प्रवासाचा पास, हिवाळी सत्राबरोबर, बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबरला सुरू होतं. सप्टेंबरमध्ये उतरणाऱ्यांनी ते धरून चालू नये.

दुसऱ्या दिवशी रिंगबानवर बसा आणि एक पूर्ण फेरी मारा. शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारी ही लोकल आहे. एस ४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, एस ४२ उलट. फेरीला एक तास लागतो. आपल्याला गंजगोलाई कळली की लातूर कळतं, कुठल्याही रस्त्याने आत शिरलं तरी माणूस गोलाईवर येतोच. बर्लिनची गोलाई म्हणजे ही रिंग. तिच्यावरची मोठी स्टेशनं लक्षात ठेवा: ओस्टक्रॉइझ पूर्वेला, झ्युडक्रॉइझ दक्षिणेला, वेस्टक्रॉइझ पश्चिमेला. उत्तरेला मात्र गेझुंडब्रुनेन हे नाव लक्षात ठेवा. फेरीसाठी २४ तासांचं तिकीट घ्या. साधं तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. त्यावर गोल फेरी मारता येत नाही, हे फार थोडे लोक सांगतात.

आता खरी अडचण, म्हणजे पत्ता.

पहिल्याच आठवड्यात मला एक खोली बघायला बोलावलं होतं. मी 'बर्लिनर श्ट्रासे' एवढंच फोनमध्ये टाकलं. नकाशाने याच नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन दाखवलं, मी निघालो आणि दहा मिनिटं आधी पोचलोसुद्धा. त्या नंबरच्या दारावर घरमालकिणीचं आडनावच नव्हतं. मी पोचलो होतो विल्मर्सडॉर्फला. खोली होती पांकोला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. पुन्हा गाडी धरून तिथं जाईपर्यंत बघायला आलेली बाकीची माणसं निघून गेली होती आणि घरमालकीण दार अर्धवट उघडून म्हणाली की खोली दिली. मला एवढंच समजलं, कारण तेव्हा माझं जर्मन तेवढंच होतं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. आजचं बर्लिन १९२० साली आजूबाजूची शहरं आणि गावं जोडून झालं. त्यातल्या अनेक गावांतून बर्लिनकडे जाणारा रस्ता 'बर्लिनर श्ट्रासे' होता, जसा औशातला लातूरकडे जाणारा रस्ता लातूर रोड आणि निलंग्यातलाही लातूर रोडच. गावं एक झाली, पण पुष्कळ नावं तशीच राहिली. बानहोफश्ट्रासे, म्हणजे स्टेशन रोड, याचंही तेच. म्हणून रस्त्याच्या नावावर कधीही जाऊ नका. पाच आकडी पिनकोड मागा आणि तो टाकूनच शोधा. पांकोतल्या बर्लिनर श्ट्रासेचा १३ ने सुरू होतो, विल्मर्सडॉर्फमधल्या बर्लिनर श्ट्रासेचा १० ने. तेवढं पाहिलं असतं तर ती खोली माझी होती.

बरोबर रस्त्यावर पोचलात तरी घर सापडेलच असं नाही. जुन्या रस्त्यांवर नंबर घोड्याच्या नालासारखे जातात: एका कडेने १, २, ३, ४ करत टोकाला, तिथून वळून समोरच्या कडेने परत. त्यामुळे ५ नंबरच्या समोर १२० असू शकतो. दुसऱ्या रस्त्यांवर एका बाजूला विषम, एका बाजूला सम. दोन्ही पद्धती एकाच भागात भेटतात. अंदाजाने चालू नका. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीवर त्या टप्प्यातले नंबर लिहिलेले असतात. थांबा, ते वाचा, मग वळा.

आणि शेवटचा फटका दारापाशी बसतो. तिथं फ्लॅटला नंबर नसतो, बेलवर आडनाव असतं. "तिसरा मजला, फ्लॅट ९" असं विचारत बसलात तर काही उपयोग नाही. त्यातून जुन्या इमारती आपल्या चौकाच्या वाड्यासारख्या: पुढची इमारत फोर्डरहाउस, मग चौक, बाजूला झाइटनफ्ल्यूगल, चौकाच्या मागे हिंटरहाउस. रस्त्यावरून मागची इमारत दिसतही नाही. मी नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी असल्याच दारात वीस मिनिटं उभा होतो, हात गारठलेले, फोनवर ठिपका बरोबर त्या जागी आणि माणूस राहतो मागच्या चौकात. म्हणून कुठेही जाण्याआधी दोन गोष्टी लेखी मागवा: कोणती इमारत आणि बेलवर कोणतं नाव. दुसरीसाठी हे वाक्य पाठच करा: "वेल्शर नामे श्टेट आन डेर क्लिंगल?" माझ्या मते पहिल्या आठवड्यात "मला जर्मन येत नाही" यापेक्षा हे वाक्य जास्त कामाचं आहे.

इमारतीत कुणाला विचारायला लाजू नका, पण आधी "गुटन टाग" म्हणा. आपल्याकडे "काका, इथं अमुक कुठं राहतात?" असं थेट विचारलेलं चालतं, तिथं नमस्काराशिवाय विचारलं की माणूस आखडतो.

खोली मिळाली की हाच नियम उलटा लागू होतो, आता तुमचं नाव बेलवर हवं. लातूरला आमचा पोस्टमन घर चुकला तर शेजारच्या दुकानात विचारतो. तिथं टपालपेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. माझ्या बँकेच्या कार्डाचा पिन असाच परत गेला आणि दुसरा येईपर्यंत तीन आठवडे मी मित्राच्या पैशांवर काढले. पत्त्याची सरकारी नोंदणीही राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायची असते आणि त्यानंतरची सरकारी पत्रं टपालाने येत राहतात. तेव्हा चावी हातात आली की बॅग उघडण्याआधी घरमालकाला विचारून कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहा, पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच, आणि बेल व टपालपेटी दोन्हीकडे चिकटवा. छापील पट्टी नंतर लावता येईल. चिकटपट्टी घरूनच घेऊन जा, रविवारी उतरलात तर दुकानं बंद असतात.