चेक इंजिन लाइट पेटलीय आणि एमिशन टेस्ट तोंडावर आलीय? कोड उडवायची घाई करू नका

सगळ्यात आधी मी केलेला गाढवपणा सांगतो. टेस्टच्या आदल्या रात्री लाइट पेटली, मी स्कॅनर (गाडीच्या कम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, कोड वाचायचे कष्टही न घेता सरळ क्लिअरचं बटण दाबलं, लाइट गेली, मी खूश. सकाळी टेस्टला गेलो तर लाइट नाहीये तरी गाडी परत पाठवली, कारण कम्प्युटरमधले सगळे मॉनिटर 'नॉट रेडी'!

कोड क्लिअर केला किंवा बॅटरीची वायर काढली की नुसती लाइट जात नाही, गाडी स्वतःवर करत असते त्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात. या तपासण्या म्हणजेच मॉनिटर, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा वेगळा, ऑक्सिजन सेन्सरचा वेगळा, पेट्रोलच्या वाफेसाठी ईव्हॅपचा वेगळा. टेस्टवाला पोर्टला, म्हणजे गाडीच्या कम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला, मशीन लावतो तेव्हा लाइट पेटलीय का एवढंच बघत नाही, हे मॉनिटर पूर्ण झालेत का तेही बघतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना हा ओबीडी टू पोर्ट सक्तीचा आहे आणि तिकडच्या केंद्रीय नियमात २००१ पासूनच्या गाडीला एकच मॉनिटर अपूर्ण चालतो, त्याच्या आधीच्या गाड्यांना दोन, काही राज्यं त्याहून कडक आहेत. तुमच्याकडे किती चालतात ते आधी विचारून घ्या. जिथे नुसती सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात तिथे मॉनिटरची भानगड नसते, पण लाइट ज्या बिघाडाने पेटली त्याच बिघाडाने धूरही वाढलेला असू शकतो, त्यामुळे तिथेही सुटका नाही.

लाइट लुकलुकत असेल तर मात्र टेस्ट विसरा आणि गाडी दामटू नका. ते मिसफायर असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळते. प्लग किंवा कॉइल बदलून भागलं असतं तिथे कन्व्हर्टरचा खर्च अंगावर येतो.

स्थिर पेटली असेल तर स्कॅनर लावा, साधा ब्लूटूथवालाही चालेल. पोर्ट स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या आसपास असतो, १६ पिनांचा. कोड लिहून घ्या आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन गरम होतं की थंड, स्पीड किती, ही माहिती, कोड क्लिअर केला की हीसुद्धा जाते आणि मग मेकॅनिक अंदाजपंचे सुरू करतो.

आता कोड म्हणजे निदान नव्हे हे डोक्यात फिट करा. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, आला की लोक धावत जाऊन कन्व्हर्टर नाहीतर मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलतात. बऱ्याचदा हे जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं होतं, कारण सेन्सर बिचारा फक्त निरोप सांगतोय, आधी एक्झॉस्ट कुठे लीक आहे का आणि मिसफायरचे पी०३०० वगैरे कोड सोबत आहेत का ते बघायला हवं. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, तिथे व्हॅक्यूमचे होज तडकलेत का बघा, एअरफ्लो सेन्सर घाण झालाय का बघा. पी०४५५ किंवा पी०४४२, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची गळती, आला तर पहिले टाकीचं झाकण, रबर तडकलंय का, टिकटिक होईपर्यंत आवळलंय का. फुकटात सुटणारा प्रॉब्लेम हाच एक. पी०१२८ ला लोक किरकोळ समजतात पण थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन पुरेसं गरमच होत नसेल तर बाकीचे मॉनिटरही अडकून बसू शकतात.

दुरुस्ती झाली की मग कोड क्लिअर करा. न करताही चालतं, बिघाड खरंच गेला असेल तर साधारण तीन ड्राइव्ह सायकलनंतर (सायकल म्हणजे इंजिन सुरू करून, तपासण्या होतील अशी गाडी चालवून बंद करणं) लाइट आपोआप विझते आणि मॉनिटरही शाबूत राहतात, वेळ हातात असेल तर मला हेच पटतं. २०१० च्या आसपासपासूनच्या बऱ्याच गाड्यांत पर्मनंट कोडही असतात, ते स्कॅनरनेही जात नाहीत आणि बॅटरी काढूनही नाही, त्या त्या मॉनिटरची तपासणी पास झाली तरच जातात, म्हणजे चलाखीचा रस्ता तसाही बंदच.

मग गाडी चालवा. प्रत्येक कंपनीची ड्राइव्ह सायकल वेगळी असते, पण ढोबळ पद्धत अशी की गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं तसंच आयडल राहू द्या, मग मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या स्थिर स्पीडला दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग सुरक्षित जागा बघून ब्रेक न मारता नुसता पाय काढून स्पीड उतरू द्या, मग थोडं गर्दीतलं थांबत-थांबत. टाकी ना फुल्ल ना रिकामी, पाव ते पाऊण भरलेली ठेवा, नाहीतर ईव्हॅपचा मॉनिटर बऱ्याचदा चालत नाही. तो सगळ्यात हट्टी, त्याला चार-पाच दिवस लागले तरी घाबरू नका.

रोज संध्याकाळी स्कॅनरवर रेडीनेसचं पान, म्हणजे कोणते मॉनिटर पूर्ण झालेत ते, बघा, पेंडिंग कोडही बघा, पेंडिंग म्हणजे पुढच्या खेपेला लाइट पेटवायच्या तयारीत बसलेला बिघाड. लाइटचा बल्ब काढायची किंवा टेप लावायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी ती लाइट पेटलीच पाहिजे, नाही पेटली तरी फेल.

टेस्टला जाताना इंजिन चांगलं गरम करून जा आणि शक्यतो रांगेत बंद करू नका. आणि हो, बॅटरी बदलायची असेल तर टेस्ट झाल्यावर बदला, नाहीतर मॉनिटर परत शून्यावर.