लोखंडाला मुद्दाम गंज चढवताय? या चुका टाळा

गॅलरीच्या ग्रिलला न मागता लागणारा गंज, आपल्याला हवा असतो तेव्हा मात्र नुसता डागडाग उमटतो. दोष बहुतेक वेळा गंज आणणाऱ्या मिश्रणाचा नसतो, पत्र्याचा असतो.

नवा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधा लोखंडी) पत्रा तेलकट असतो, शिवाय त्यावर निळसर-काळ्या स्केलचा (लोखंडाच्या ऑक्साइडचा) थर असतो. आधी थिनरने पुसा, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने राखाडी धातू दिसेपर्यंत घासा. पाणी शिंपडून बघा: थेंब जमले तर तेल अजून आहे, सलग पसरलं तर काम झालं. यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नका. माझ्या पहिल्या कुंडीवर माझा अंगठा अजून दिसतो!

चुंबक चिकटलं म्हणून जीआय पत्रा घेऊ नका. वरचा जस्ताचा थर असेपर्यंत तो दाद देत नाही.

मिश्रण सोपं आहे: अर्धा लिटर 3% हायड्रोजन पेरॉक्साइड, 60 मिली पांढरं व्हिनेगर, दीड चहाचा चमचा मीठ. मेडिकलमधली बाटली पुष्कळदा 6% असते. लेबल वाचा, तितकंच पाणी घाला. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. उरलेलं बाटलीत घट्ट बंद करून ठेवलंत तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. आणि ‘जरा जोर येऊ दे’ म्हणून ब्लीच तर अजिबात नको, व्हिनेगरशी मिळून क्लोरीन निघतो.

फवारा बारीक मारा. पत्रा न्हाऊन निघाला की ओघळ उमटतात. काही मिनिटांत भगवा रंग येतो आणि माणूस खूश होऊन लगेच लॅकर (वरचा पारदर्शक लेप) मारतो. इथेच सगळं बिघडतं. तो रंग म्हणजे नुसती भुकटी, बोटाला लागते. उन्हात वाळवा, पुन्हा फवारा, असं पाच-सहा वेळा करा. मग काही दिवस साधं पाणी मारत, वाळवत राहा. रंग गडद होतो आणि धरून बसतो.

लॅकरआधी मीठ धुऊन काढलं नाहीत तर ते आतून ओल धरतं आणि पापुद्रे सुटतात. धुवा, खडखडीत वाळवा, सुटी भुकटी फडक्याने झटका, मग मॅट लॅकरचे दोन पातळ हात. रंग ओल्यासारखा गडद होतो, म्हणून आधी तुकड्यावर बघा. लॅकरऐवजी जवसाचं तेल लावलंत तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

कुंडी कोटा फरशीवर ठेवणार असाल तर खाली ताटली हवीच. फरशीवरचा गंजाचा डाग सहजी निघत नाही.