नवीन फुटबॉल लीग आली की फॅन्सचं कोणतं बोलणं मनावर घ्यायचं

फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगची फायनल, झाला की तिथे फुटबॉलवाल्यांचा (म्हणजे बॉल हातात घेऊन पळतात त्या अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा) उपास सुरू होतो, तो थेट सप्टेंबरला सुटतो. मधल्या काळात कुणाला तरी दर काही वर्षांनी वाटतं की चला आपण स्प्रिंगमध्ये लीग काढू, लोक तुटून पडतील. आणि लोक खरंच तुटून पडतात, पण आधी मोबाईलवर. कुणी म्हणतं एनएफएलचे दिवस भरले, कुणी म्हणतं तीन महिन्यात गाशा गुंडाळणार, आणि डॅलस, ह्यूस्टन, कोलंबसला राहणारे आपले लोक ग्रुपवर विचारतात की बाबांनो सीझन तिकीट काढू का, पोरगं जर्सी मागतंय, घेऊन देऊ का? तर त्यासाठी हे लिहितोय. माझा नियम साधा आहे, लीगबद्दल बोलणाऱ्यांना सोडून द्यायचं आणि टीमबद्दल बोलणाऱ्यांचं ऐकायचं. आता नीट सांगतो.

सगळ्यात आधी, पहिल्या आठवड्याचं काहीही धरू नका. काहीही म्हणजे काहीही. २००१ साली कुस्तीवाल्या विन्स मॅकमहनने एनबीसी चॅनलला घेऊन एक्सएफएल नावाची लीग काढली, ३ फेब्रुवारीला पहिली मॅच, अख्खा देश टीव्हीसमोर. टॉस नाही, त्याऐवजी दोन प्लेयर बॉलवर धावत जाऊन झडप घालणार, आणि पहिल्याच रात्री त्या झटापटीत ओरलँडोच्या एका प्लेयरचा खांदा निखळला. रॉड स्मार्ट नावाच्या गड्याने जर्सीवर आडनावाऐवजी 'ही हेट मी' (He Hate Me) लिहून घेतलं, लोक फिदा. एका सीझनमध्ये दुकान बंद.

२०१९ ला एएएफ नावाची लीग आली तेव्हाही तेच. ९ फेब्रुवारीला सॅन अँटोनियोच्या लाइनबॅकरने, म्हणजे बचाव करणाऱ्या प्लेयरने, सॅन डिएगोच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणाऱ्याला, असा काही उडवला की हेल्मेट निघून पडलं, आणि फ्लॅग नाही, म्हणजे फाऊलच दिला नाही! ती क्लिप जो तो पाठवत होता, खाली सगळ्यांचं एकच, हेच तर पाहिजे होतं. त्या रात्रीच्या सुरुवातीच्या रेटिंगमध्ये त्यांनी एनबीएच्या मॅचला मागे टाकलं राव. थोड्याच दिवसात बातमी आली की टॉम डंडन नावाचा उद्योगपती २५ कोटी डॉलर घालणार, लोक म्हणाले बघा, मोठी माणसं येतायत. प्रत्यक्षात तिथेच कान टवकारायला हवे होते, कारण नुकत्या सुरू झालेल्या लीगला इतक्या घाईने नवीन पैसेवाला का लागतो? आठ आठवडे झाले, २ एप्रिलला काम थांबलं, फायनल झालीच नाही, आणि काही प्लेयर्सना घरी जायचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत थांबा आणि मग लोक काय बोलतायत ते ऐका. ऐकायचं कसं, तर शिव्या कुणाला पडतायत ते बघायचं. 'ही लीग टिकेल का' यावरच अजून घोळ चालू असेल तर ती सगळी बघ्यांची गर्दी आहे, त्यांचं काही अडलेलं नाही, उद्या ते दुसरीकडे बघतील. पण एखादा माणूस आपल्या क्वार्टरबॅकच्या नावाने खडे फोडतोय, कोचने चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, पंट का केला, बॉल लाथेने लांब मारून का सोडून दिला म्हणून रात्री बारा वाजता तावातावाने टाइप करतोय, तर समजा तिथे फॅन तयार झाला. दुसऱ्या टीमला नावं ठेवायला लागला की अजून चांगलं. कौतुकापेक्षा अशा कुरकुरीवर माझा जास्त भरवसा आहे.

सेंट लुईसचं बघा. २०१६ च्या जानेवारीत तिथली एनएफएलची टीम रॅम्स लॉस एंजेलिसला न्यायचं ठरलं आणि मालक स्टॅन क्रोंकी त्या शहरासाठी कायमचा व्हिलन झाला. (पुढे शहराने एनएफएलला कोर्टात खेचलं आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली, म्हणजे राग नुसता तोंडाचा नव्हता.) २०२० मध्ये नव्या एक्सएफएलने तिथे बॅटलहॉक्स टीम दिली तेव्हा नावाला लोक हसले, लोगोला हसले. पहिली होम मॅच आली तर रॅम्सच्याच जुन्या डोममध्ये (छत असलेल्या स्टेडियममध्ये) २९,५५४ माणसं, सगळे 'का-कॉ' करून ओरडतायत, मधूनच क्रोंकीच्या नावाने जाहीर शिमगा. मागणी इतकी वाढली की बंद ठेवलेले वरचे स्टँड उघडायचं ठरलं, आणि तेवढ्यात कोविड. पाच आठवड्यांत सीझन थांबला, लीग दिवाळखोरीत गेली आणि शेवटी अभिनेता ड्वेन जॉन्सन, त्याची बिझनेस पार्टनर डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड कंपनी यांनी दीड कोटी डॉलरला उचलली. दीड कोटी म्हणजे एनएफएलच्या बऱ्या क्वार्टरबॅकचा एका वर्षाचा पगारसुद्धा होत नाही. तरी २०२४ ला ही एक्सएफएल आणि यूएसएफएल नावाची दुसरी स्प्रिंग लीग यूएफएल नावाने एकत्र झाल्यावर पहिल्या होम मॅचला सेंट लुईसमध्ये ४०,३१७ लोक आले. मधे लीग मेली, विकली, विलीन झाली, आणि लोकांना काही फरक पडला नाही, कारण ते लीगचे नव्हतेच, ते बॅटलहॉक्सचे होते.

वॉशिंग्टनचं प्रकरण वेगळं आणि जास्त मजेशीर. तिथल्या डीसी डिफेंडर्स टीमचे लोक ऑडी फील्ड स्टेडियमवर बियर पिऊन झाली की रिकामे प्लॅस्टिकचे ग्लास एकात एक घालत जातात, मागच्या रांगेतून पुढे, पुढच्यातून बाजूला, आणि बघता बघता स्टँडमध्ये लोकांच्या डोक्यावरून एक लांबलचक साप वळवळायला लागतो. मॅचमध्ये काय चाललंय याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. २०२३ मध्ये सिक्युरिटीने तो साप जप्त केला तर पब्लिकने मैदानावर लिंबं फेकली. हो, लिंबं! कुठलीही मार्केटिंग एजन्सी हे ठरवून करू शकत नाही. तुमच्या शहरात असलं काही आपोआप उगवतंय का ते बघा, अगदी फालतू वाटेल असं काहीतरी, पण लोकांनी स्वतः काढलेलं.

आता 'स्टेडियम रिकामं आहे, संपलं' म्हणणारे. यांचं अर्धंच खरं असतं. २०२२ ला नवी यूएसएफएल आली तेव्हा खर्च वाचवायला नियमित सीझनच्या सगळ्या टीम्सच्या मॅच अलाबामातल्या बर्मिंगहॅमलाच ठेवल्या, मग न्यू जर्सी विरुद्ध मिशिगन बघायला अलाबामातलं कोण येणार? टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या बघून लोकांनी जाम टिंगल केली. पण लीगची मालकीच फॉक्स या टीव्ही कंपनीकडे होती, त्यांना स्वतःच्या चॅनलला लाइव्ह काहीतरी हवं होतं, त्यामुळे ती दुसऱ्या वर्षीही झाली. तेव्हा गर्दी बघायची आपल्या शहरासाठी आणि टीव्हीवाला बघायचा लीगसाठी, दोन्हीचा गोंधळ करू नका.

'ही तर मायनर लीग आहे', म्हणजे खालच्या दर्जाची, म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, इथून एनएफएलमध्ये गेलेल्यांची नावं सांगा आणि गप्प बसा. काव्हॉन्टे टर्पिन २०२२ च्या यूएसएफएलचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेयर), तिथून थेट एनएफएलची डॅलस काउबॉईज टीम. ब्रँडन ऑब्री तर आधी आपल्या साध्या फुटबॉलचा, म्हणजे सॉकरचा प्लेयर, टोरंटो एफसीने घेतलेला, मग बर्मिंगहॅम स्टॅलियन्सचा किकर आणि आता काउबॉईजचा. जेक बेट्सने २०२४ मध्ये मिशिगन पँथर्सकडून पहिल्याच मॅचला ६४ यार्डांची किक घातली आणि एनएफएलच्याच डेट्रॉइट लायन्सने त्याला उचलला.

दुसऱ्या टोकाचे जे 'आता एनएफएलला टक्कर' म्हणतात त्यांना १९८६ ची आठवण करून द्या. जुनी यूएसएफएल १९८३ ला सुरू झाली, हर्शल वॉकर, जिम केली, स्टीव्ह यंग असले मोठे मासे घेतले, स्प्रिंगमध्ये बरं चाललं होतं, पण न्यू जर्सी टीमचे मालक डोनाल्ड ट्रम्प आणि बाकीचे म्हणाले एनएफएलच्याच मोसमात जाऊ आणि कोर्टात जाऊ. ज्युरीने एनएफएलला मक्तेदारीबद्दल दोषी धरलं आणि भरपाई दिली एक डॉलर. कायद्याने तिप्पट होते, म्हणजे तीन.

पैशाचं आता. पहिल्या वर्षी सीझन तिकीट घेऊ नका, एकेका मॅचचं घ्या, ही माझी अडाणी सावधगिरी समजा. का, तर टीम तुमच्या शहरातून कधी जाईल सांगता येत नाही. यूएफएलने २०२६ साठी मिशिगन, मेम्फिस आणि सॅन अँटोनियो यांना नारळ दिला आणि कोलंबस, लुईव्हिल, ओरलँडोला नवीन टीम्स आणल्या. तिकडे उत्साह, इकडे लोक जर्सी घेऊन बसलेत आणि टीमच नाही. मिशिगन तर आदल्या वर्षी फायनल खेळलं होतं हो! नवीन शहरातल्या माणसाने आपल्या गावच्या आनंदाइतकंच या तीन शहरांतलं चिडणंही वाचावं, पुढच्या वेळी कुणाचा नंबर लागेल याचा अंदाज तिथूनच येतो. पोराला जर्सीऐवजी टोपी घ्या, स्वस्तात पडते आणि टीम गेली तरी उन्हात चालते.

आणि मॅचला जाणारच असाल तर नियम आधी कुणाकडून तरी समजून घ्या, कारण या लीगमध्ये नवीन प्रयोग चालतात आणि फॅन्स त्यावरच सगळ्यात जास्त भांडतात. या भांडणाकडे मात्र लक्ष द्या, कारण इथे कधीकधी खरंच काहीतरी हाती लागतं. २०२० च्या एक्सएफएलमध्ये किकऑफला, म्हणजे लाथेने बॉल दुसऱ्या टीमकडे मारून खेळ सुरू करताना, दोन्ही बाजूचे प्लेयर पाच यार्डांवर समोरासमोर उभे, बॉल झेलणाऱ्याच्या हातात आल्याशिवाय कुणी हलायचं नाही. जुने लोक म्हणाले हा काय पोरखेळ. २०२४ मध्ये एनएफएलने त्याच धर्तीवर स्वतःचा किकऑफ बदलला. तेव्हा किकऑफच्या वेळी नाचोच्या रांगेत उभे राहू नका, नाचो सेकंड क्वार्टरच्या मधोमध आणा, तेव्हा गर्दी कमी असते.