प्रोसेसरच्या सुरक्षा-अपडेटनंतर संगणक मंदावला? आधी मोजा, मग उपाय करा

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. तेव्हापासून ‘अपडेट झालं आणि कॉम्प्युटर स्लो झाला’ ही तक्रार सतत ऐकू येते. तक्रार खरी असू शकते. पण मंदावण्यातला किती वाटा या अपडेटचा आणि किती इतर कारणांचा, हे घरच्या घरी तपासता येतं. ते तपासल्याशिवाय संरक्षण बंद करण्याच्या फंदात कृपया पडू नका.

आधी मूळ कारण पाहू, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच बेतलेले आहेत. वेळ वाचावा म्हणून प्रोसेसर पुढच्या सूचनांचा अंदाज बांधून काम आधीच सुरू करतो. अंदाज चुकला तर ते काम टाकून देतो, पण त्याच्या खुणा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत, उरतात. त्या खुणांवरून एखादा घातकी प्रोग्राम पासवर्डसारखी गुप्त माहिती काढू शकतो. मेल्टडाउनवरचा उपाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने कर्नलची, म्हणजे स्वतःच्या गाभ्याची, मेमरी साध्या प्रोग्रामपासून वेगळी केली. त्यामुळे प्रोग्रामने कर्नलकडे काही मागितलं, म्हणजे फाइल उघडली किंवा नेटवरून डेटा घेतला, की दर वेळी मेमरीचे तक्ते बदलावे लागतात. वेळ जातो तो इथे. म्हणून हजारो छोट्या फाइली कॉपी करणं किंवा डेटाबेस चालवणं जास्त मंदावतं. व्हिडिओ पाहणं किंवा निव्वळ आकडेमोड यांत फारसा फरक पडत नाही.

पहिली पायरी: थांबा आणि मोजा

मोठ्या अपडेटनंतर विंडोज मागच्या मागे फाइलींची अनुक्रमणिका बनवत असते, जुन्या फाइली साफ करत असते. मशीन चार्जरला लावून काही तास चालू ठेवा, एकदा रीस्टार्ट करा, मगच मत बनवा.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट-क्लिक करून ‘शो कर्नल टाइम्स’ निवडा. आलेखात कर्नलचा वेळ वेगळा दिसू लागेल. आता जे काम रखडतंय तेच करून पाहा. कर्नलचा वाटा मोठा दिसला तर अपडेटवर संशय घ्यायला जागा आहे. सीपीयू निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर अडचण डिस्कची आहे. सीपीयूवर ताण असूनही त्याचा वेग मूळ वेगाच्या बराच खाली अडकला असेल तर उष्णता किंवा पॉवर सेटिंग तपासा. पंख्यात साचलेली धूळ हे अगदी नेहमीचं कारण आहे.

प्रोसेसरचं नाव तिथेच वर दिसतं. ते लिहून घ्या. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच सांगितलं होतं की विंडोज १० आणि इंटेलच्या स्कायलेक पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर घट एक आकडी टक्क्यांत राहील. हॅसवेल या जुन्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या प्रोसेसरवर ती जास्त जाणवेल. इंटेलच्या आय-५ किंवा आय-७ नंतरचा चार आकडी क्रमांक ४ ने सुरू होत असेल, तर सहसा तो हॅसवेल पिढीचा असतो. एएमडीच्या प्रोसेसरना मेल्टडाउनचा धोका नाही, स्पेक्टरचा मात्र आहे.

दुसरी पायरी: अपडेट काढू नका, पुढचं घ्या

सुरुवातीचे पॅच, म्हणजे ही दुरुस्तीची अपडेट, घाईत आले होते. काही संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागल्यामुळे इंटेलला जानेवारी २०१८ मध्येच आपला नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, बायोसमधूनही येणारं सॉफ्टवेअर) वापरणं थांबवायला सांगावं लागलं. नंतरच्या आवृत्त्यांत मात्र बरीच सुधारणा झाली. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत मार्च २०१९ च्या अपडेटपासून ‘रेटपोलिन’ हे तंत्र आलं, आणि स्कायलेकच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर स्पेक्टरच्या एका प्रकारावरचा उपाय हलका झाला. म्हणजे जुन्या पॅचवर अडून बसलात तर तोटा तुमचाच. शिवाय महिन्याचं अपडेट एकत्रित असतं. ते काढलं की त्यासोबत आलेली बाकीची दुरुस्तीही जाते.

बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती फक्त उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, तुमच्या नेमक्या मॉडेलसाठीची घ्या. चार्जर लावलेला ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच दुसरीकडे जपून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच मशीनबाहेर अडकाल.

तिसरी पायरी: कर्नलच्या फेऱ्या कमी करा

सर्वाधिक फायदा इथे मिळतो. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. पॅचमुळे गेलेला वेग यातून कित्येक पटींनी भरून निघतो. रॅम कमी पडली की विंडोज डिस्ककडे धाव घेते, म्हणून तीही पाहा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून नको असलेले प्रोग्राम बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा, कारण प्रत्येक जण प्रत्येक फाइल तपासतो.

ब्राउझरकडेही लक्ष द्या. स्पेक्टरपासून बचावासाठी क्रोमने २०१८ मध्ये प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस द्यायला सुरुवात केली आणि त्यामुळे त्याची मेमरीची भूक वाढली. टॅब कमी ठेवा, मेमरी सेव्हर चालू करा.

विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटेग्रिटी’ हा पर्याय असतो. तो या पॅचचा भाग नाही, पण जुन्या प्रोसेसरवर वेग खातो. बंद केलात तर संरक्षणाचा एक थर जातो, हे समजूनच ठरवा.

शेवटची पायरी: तात्पुरतं बंद करून चाचणी

एवढं करूनही शंका उरली तर गिब्सन रिसर्चचं ‘इनस्पेक्टर’ हे मोफत साधन त्यांच्याच साइटवरून घ्या. मेल्टडाउन आणि स्पेक्टरची संरक्षणं चालू आहेत का, हे ते दाखवतं आणि बटणाने ती बंदही करता येतात. (२०२३ मध्ये उघड झालेली ‘डाउनफॉल’सारखी नंतरची प्रकरणं त्याच्या कक्षेत नाहीत.) तुमचं रखडणारं काम घड्याळ लावून करा. मग नेट तोडा, साधन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून संरक्षण बंद करा, रीस्टार्ट करा आणि तेच काम पुन्हा करा. दोन वेळांमधला फरक हीच तुमच्या मशीनवरची पॅचची खरी किंमत.

लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा दिली की प्रत्येक त्रुटीसमोर सद्यस्थिती दिसते. सगळे उपाय एकत्र बंद करणारा बूट-पर्याय कर्नल ५.२ पासून आहे. चाचणीचा नियम इथेही तोच.

संरक्षण कायमचं बंद ठेवायचं तर फक्त अशा मशीनवर, जिला नेट नाही आणि जिच्यावर बाहेरचा प्रोग्राम कधी चालत नाही. स्पेक्टरचा हल्ला वेबपेजमधल्या जावास्क्रिप्टमधूनही करता येतो, हे प्रात्यक्षिकाने सिद्ध झालेलं आहे. बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर चाचणी संपताच दोन्ही संरक्षणं परत चालू करा, रीस्टार्ट करा, ती खरोखर चालू झाल्याचं साधनात पाहा आणि मगच नेट जोडा.