घरी इंजिन ऑइल बदलताना: गाडीखालचे कव्हर काढणे, तपासणे आणि परत बसवणे

पहिल्यांदाच गाडीखाली शिरणाऱ्याला ऑइल चेंबरचा नट, म्हणजे जो सोडून जुने ऑइल काढतात तो, दिसत नाही. त्याला दिसते ते पुढच्या बंपरपासून चाकांच्या मागपर्यंत पसरलेले, मातीने माखलेले काळे कव्हर. घरी ऑइल बदलण्यात खरा वेळ जातो तो या कव्हरपायी. ऑइल निथळायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि फिल्टर त्याहून लवकर बदलून होतो, पण कव्हर काढून, धुऊन, सगळे बोल्ट जागच्या जागी लावायला सहज पाऊण तास लागतो. हाच वेळ वाचवण्याचा मोह होतो आणि पुढची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

परभणीच्या बाजारात क्लिपा आणायला गेलो की दुकानातला मुलगा हमखास म्हणतो, “काका, कामून लावता ते परत? काढूनच टाका.” त्याचे म्हणणे मला पटत नाही. हे कव्हर खालून उडणारे पाणी, चिखल आणि खडे इंजिनाच्या पट्ट्यांपासून व अल्टरनेटरपासून दूर ठेवते, समोरून येणारी हवा रेडिएटरकडे नीट वळवते आणि गाडीखालच्या वाऱ्याचा अडथळा व आवाज कमी करते. मराठवाड्यात त्याची गरज अधिकच आहे. बेसॉल्टच्या खडकापासून झालेली आपली काळी माती उन्हाळ्यात फुफाटा होऊन उडते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व लोण्यासारखी चिकटते. शेतरस्त्याने गाडी नेली की पऱ्हाट्या, तुराट्या आणि वाळके गवत खाली अडकते. यातले जे कव्हरवर थांबते, ते कव्हर नसेल तर थेट इंजिनापर्यंत जाणार.

मात्र अर्धवट लावलेले कव्हर हे मुळीच नसलेल्या कव्हरपेक्षा वाईट, हे मी स्वतः भोगले आहे. एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतल्यावर माझ्या गाडीच्या कव्हरला नऊपैकी चारच बोल्ट परत लागले होते, आणि पुढच्या कडेला तर एकही नव्हता. जिंतूर रस्त्यावर गाडीने वेग घेताच वारा पुढच्या फटीत शिरला, कव्हर खाली वाकले आणि डांबरावर घासत गेले. गाडी बाजूला घेऊन पाहिले तेव्हा पुढची कड वीतभर फाटली होती. त्या दिवसापासून हे काम मी घरीच करतो आणि बोल्ट मोजून करतो.

आदल्या दिवशी इंजिन थंड असताना गाडीची खालची बाजू पाण्याच्या पाइपने भिजवून ठेवावी. वाळलेली काळी माती दगडासारखी होते आणि आडवे पडून ती खरवडायला गेले की ढेकळे सरळ डोळ्यांत येतात. चश्मा वापरणाऱ्यांनीही वर साधा संरक्षक गॉगल लावावा. कामाची जागा कोबा किंवा काँक्रीटचीच असावी. मोकळ्या काळ्या जमिनीत जॅक हळूहळू रुततो, तर अंगणातली शहाबादी फरशी एका बिंदूवर आलेल्या भाराने तडकू शकते, म्हणून जॅक स्टँडखाली (जॅकने उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या घोडीखाली) जाड लाकडी फळी घालावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गाडी स्टँडवर टेकल्यानंतर तिला हाताने हलवून पाहावे. गाडीसोबत मिळालेला जॅक हा फक्त चाक बदलण्यासाठी असतो, आणि कोणत्याही जॅकच्या एकट्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली नेऊ नये.

बोल्ट खोलण्याआधी कव्हर नीट न्याहाळावे. काही गाड्यांत ऑइलच्या नटासमोर खिडकीसारखे छिद्र किंवा सरकते झाकण असते, आणि तेवढे उघडून ऑइल निथळवता येते. तरीही निदान वर्षातून एकदा पूर्ण कव्हर उतरवावे असे मी सुचवेन, कारण त्या खिडकीतून निसटलेले ऑइल कव्हरच्या आतल्या बाजूस साचत राहते. त्यानंतर एक पुठ्ठा घेऊन त्यावर कव्हरची ढोबळ आकृती काढावी, ‘पुढची बाजू’ असे लिहावे आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवावा. सगळे बोल्ट सारखे दिसले तरी त्यांच्या लांबीत फरक असू शकतो, आणि लांब बोल्ट चुकीच्या जागी लागला तर तो आतल्या एखाद्या भागाला टोचू शकतो.

बोल्टचे डोके पुष्कळदा दहा नंबरच्या गोटीचे (सॉकेटचे) असते, क्वचित आठचे, तर काही गाड्यांत चांदणीच्या आकाराचे. डोके कोणतेही असो, आधी जुन्या टूथब्रशने किंवा खिळ्याच्या टोकाने त्याभोवतीची माती काढावी. माती शिल्लक राहिली की गोटी पूर्ण आत बसत नाही, वरच्या कडेवरच फिरते आणि दोन-तीन झटक्यांत बोल्टचे कोपरे गोल होतात. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून दहा मिनिटे थांबावे. हे बोल्ट बारीक असतात आणि बहुधा पत्र्यावर चढवलेल्या क्लिपनटमध्ये बसतात. अडलेल्या बोल्टवर जोर केला तर क्लिपनट बोल्टसोबत गरगर फिरू लागतो. तसे झाल्यास कव्हरची कड थोडी खाली दाबून, वरून पातळ पक्कडीने क्लिपनट धरावा आणि मग बोल्ट फिरवावा.

प्लास्टिकच्या लॉकवर घाई केली की ती हमखास तुटतात. त्यांचे दोन प्रकार सर्रास आढळतात. एकात मधली खिट्टी पातळ स्क्रूड्रायव्हरने वर उचलायची असते आणि ती उचलली की सगळे लॉक बाहेर येते. दुसऱ्यात हीच मधली खिट्टी थोडी आत दाबायची असते. ती ‘टक्’ करून बसली की पकड सुटते. यातली मेख अशी की हे दुसरे लॉक परत लावताना खिट्टी आधी मागून ढकलून वर काढावी लागते, मग लॉक छिद्रात बसवून ती पृष्ठभागाच्या पातळीत दाबावी लागते. कोणता प्रकार आहे हे न पाहता उपटले तर पाकळ्या मोडतात. ही लॉक स्वस्त असतात, त्यामुळे पाच-सहा जास्तीची घरात ठेवावीत.

बोल्ट काढताना शेवटचे दोन, समोरासमोरचे, अगदी शेवटपर्यंत राखावेत आणि ते सोडताना कव्हरला गुडघ्याचा किंवा हाताचा आधार द्यावा. वर किती माती व पाणी साचले आहे हे खालून कळत नाही, आणि ते सगळे छातीवर येते. बाहेरून बसवून घेतलेला लोखंडी चेंबर गार्ड असेल तर तो एकट्याने हातांवर झेलू नये. त्याखाली फळी आणि जॅकचा हलका टेकू देऊन तो हळूहळू उतरवावा.

उतरवलेले कव्हर लगेच धुऊ नये. आधी ते उजेडात, जसे गाडीखाली होते त्याच दिशेने ठेवून आतली बाजू वाचावी, आणि माझ्या मते घरी ऑइल बदलण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. काळा, चिकट डाग नटाच्या किंवा फिल्टरच्या बरोबर खाली असेल तर मागच्या वेळी सांडलेले ऑइल असण्याची शक्यता जास्त, पण तोच डाग ओला आणि पसरत गेलेला असेल तर गळती शोधावी. हिरवट किंवा गुलाबी, वाळून कडेला पांढुरकी खूण सोडणारा डाग कूलंटचा असू शकतो. एसीचे स्वच्छ पाणी मात्र चिंतेचे कारण नाही. एकदा मला आतल्या बाजूस वाळके गवत, कापूस आणि फोमचे तुकडे यांचे गच्च घरटे मिळाले. उंदराने ते सायलेन्सरच्या पाइपपासून चार बोटांवर रचले होते आणि त्यात ऑइलही मुरलेले होते. असे काही दिसले तर ते पूर्ण काढावे आणि जवळच्या वायरींची कातडी कुरतडलेली नाही ना हे बघावे.

प्लास्टिकचे कव्हर भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने उत्तम निघते. पेट्रोलने पुसण्याची सवय आगीच्या दृष्टीने धोक्याची आहे. काही गाड्यांत कव्हर नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचे असते. ते ऑइल शोषून घेते, म्हणून ऑइल काढताना ते दूर ठेवावे. तडा गेला असेल तर तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडावे म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून केबल टायने शिवण घालावी. बोल्टचे छिद्र फाटले असल्यास रुंद वायसर घालावा. बाइंडिंगची तार वापरू नये. ती हादऱ्यांनी प्लास्टिक कापत जाते.

ऑइल निथळवताना घमेले मोठे घ्यावे, कारण पहिली धार सरळ खाली न पडता पुढे उडते. इंजिन कोमट असावे, तापलेले नसावे. नटाचा वायसर नवा घालून, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आवळून आणि नवे ऑइल भरून झाले की कव्हर उघडे असतानाच इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे. नट आणि फिल्टरच्या कडेवर कोरडे बोट फिरवून पाहावे. हे टाळू नये, कारण कव्हर लागल्यावर गळणारा थेंब त्यावरच जिरतो, आणि जमिनीवर डाग नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. चेंबरच्या कडांवर ओघळलेले ऑइलही इथेच पुसावे, नाहीतर ते कव्हरवर साचून पुढचे कित्येक दिवस ठिबकेल आणि गळतीचा खोटा संशय येईल.

परत बसवताना कव्हरची पुढची कड बंपरच्या ओठाच्या वरच्या बाजूला, म्हणजे आत, सरकवावी. ती बाहेर राहिली तर वारा आणि चिखल तिला खाली ओढतो, आणि माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. सगळे बोल्ट प्रथम हाताने दोन-तीन आटे चढवावेत, कव्हर डावी-उजवीकडे सरकवून छिद्रे जुळवावीत आणि त्यानंतरच पाना लावावा. बारीक बोल्टला मनगटाचा जोर पुरे. त्याहून जास्त आवळले तर क्लिपनटचे आटे जातात किंवा प्लास्टिक वायसरखाली चिरते. लोखंडी गार्ड असेल तर तो ऑइल चेंबरला व सायलेन्सरच्या पाइपला कुठेही टेकत नाही ना हे पाहावे. गतिरोधकावर आपटून आत दबलेला गार्ड इंजिनाचा हादरा थेट गाडीत आणतो.

शेवटी पुठ्ठा पाहावा. त्यात एकही बोल्ट उरलेला नसला की गाडी खाली उतरवावी. जुने ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. ते नालीत किंवा बांधावर ओतू नये, कारण 2016च्या घातक कचरा नियमांत त्याचा समावेश आहे. शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर खाली वाकून पुढच्या कडेचे बोल्ट एकदा हाताने चाचपावेत. खराब रस्त्यावर पहिले ढिले होतात ते तेच.