ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायच्या आधी अर्थिंग बघा
सोलापूरच्या मे महिन्यात गाडी मध्येच बंद पडली, स्कॅनर जोडला जाईना, की ‘कॉम्प्युटर गेला’ असं लगेच सांगितलं जातं. घाई करू नका. आधी ईसीएमला सप्लाय पोचतोय का ते बघा: बॅटरी, फ्यूज, मेन रिले आणि मुख्य म्हणजे अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर). अर्थच्या बोल्टखाली गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा. सेन्सरची ५ व्होल्टची लाइन पडली असेल तर एकेका सेन्सरचं सॉकेट काढत जा. एखादं काढताच व्होल्टेज परत आलं, तर दोष तिथलाच, ईसीएमचा नाही. बदलायचाच झाला तर बॅटरीची निगेटिव्ह काढून, पार्ट नंबर तंतोतंत जुळवूनच बदला. जुना ईसीएम घेताय? इमोबिलायझरचं (किल्ली ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) कोडिंग कोण करून देणार, हे पैसे देण्याआधी पक्कं करा. नाहीतर बहुतेक गाड्या स्टार्टच होत नाहीत.